भेगेत उतरलेली नदी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे सर भूगोल शिकवत. उत्तरपत्रिकेत कुणी ‘नयनरम्य’ लिहिले, की त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच लिहीत : ‘का?’ त्या एका अक्षराच्या धाकाने आमच्यापैकी अनेकांचे निबंध कोरडे झाले, पण भूगोल पक्का झाला. आज मला आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याबद्दल बोलायचे आहे. तो नयनरम्य आहे की नाही, या भानगडीत मी पडणार नाही. कारण ऐन भरात असतो तेव्हा तो दिसतच नाही. समोर पांढरे धुके, कानाला दडे बसवणारा घुमारा आणि अंगावर पाऊस. तरीही माणसे जगाच्या कानाकोपऱ्यातून तिथे जातात, चिंब भिजतात आणि खूश होऊन परततात. सरांचा प्रश्न इथे विचारला पाहिजे. का?

त्याचे उत्तर मला तिथल्या कातळात सापडते. धबधब्याची ओढ आणि धबधब्याचे लपणे, दोन्ही एकाच भेगेतून आलेली आहेत.

आधी जागा पाहू. झांबेझी उगम पावते झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात, म्विनिलुंगाजवळ. तिथून ती अंगोलात शिरते, पुन्हा झांबियात येते, बारोत्से नावाच्या अफाट सपाट मैदानातून दक्षिणेला उतरते, नामिबिया आणि बोत्स्वानाच्या कडेला स्पर्श करते आणि पूर्वेकडे वळते. धबधबा साधारण तिच्या निम्म्या वाटेवर आहे, झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर. पुढे करिबाचे धरण, मग मोझांबिकमधले काहोरा बासा, आणि शेवटी हिंदी महासागर. म्हणजे हे पाणी अखेर येते आपल्याच समुद्रात.

विक्रमांच्या यादीत हा धबधबा जरा अडचणीचा आहे. उंचीत व्हेनेझुएलाचा एंजल त्याच्या कितीतरी पुढे, पाण्याच्या मापात काँगो नदीवरचे धबधबे पुढे. याची रुंदी १,७०८ मीटर आणि जास्तीत जास्त उंची १०८ मीटर. नायगाराच्या साधारण दुप्पट उंच. रुंदी आणि उंची एकत्र धरली, तर कोसळत्या पाण्याचा एवढा मोठा पडदा जगात दुसरीकडे नाही, असे सांगतात. हे खरे असले तरी पुरेसे नाही. निव्वळ मापांनी कुणी वेडे होत नाही.

आता मांडणी पाहा. आपण पाहिलेले बहुतेक धबधबे कड्यावरून खाली येतात आणि पुढे दरी उघडते. पाहणारा दरीत उभा राहतो किंवा बाजूच्या टेकाडावर, आणि मान वर करून पाहतो. झांबेझीचे तसे नाही. धबधब्याच्या वर नदी पसरट आहे, संथ आहे, पात्रात ताडामाडांची बेटे आहेत, पाणघोडे डुंबताहेत. काठ बुटके. पुढे काही घडणार आहे, याची कसलीही खूण नाही. आणि मग या काठापासून त्या काठापर्यंत, पात्राला आडवी, जमिनीत एक खोल फट. सगळी नदी त्या फटीत उतरते. फटीची रुंदी शंभर मीटरच्या आसपास, आणि पलीकडची भिंत अलीकडच्या भिंतीएवढीच उंच. पलीकडच्या भिंतीच्या माथ्यावर तुम्ही उभे राहता तेव्हा धबधब्याचा माथा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. इतक्या मोठ्या धबधब्याशी अशी समोरासमोर गाठ दुसरीकडे क्वचितच पडते.

पण याच मांडणीमुळे तो लपतो. त्या अरुंद घळीत एवढे पाणी आदळले, की तिथली हवा दाबली जाते आणि तुषारांना घेऊन वर उसळते. तुषारांचे लोट शेकडो मीटर वर चढतात आणि पावसाळ्यानंतरच्या दिवसांत पन्नास किलोमीटरवरूनही दिसतात. वर गेलेले पाणी समोरच्या भिंतीवर पाऊस होऊन पडते. आजूबाजूचा सगळा मुलूख कोरडा, मोपाने नावाच्या काटक झाडांचा. आणि भिंतीच्या माथ्यावर तेवढ्याच पट्ट्यात अंजिराच्या जातीची झाडे, एबनी, महोगनी, नेची, वेली असे गच्च ओले रान. त्या रानाला ढगांचा पाऊस नावापुरता, त्याला जगवतो धबधबा. थोडे मागे सरका, पायाखाली पुन्हा धूळ.

मी एप्रिलमध्ये गेलो होतो. फाटकाशी रेनकोट भाड्याने मिळतात, आणि न घेणाऱ्याकडे तो भाड्याने देणारा ज्या दयेने पाहतो ती पाहण्यासारखी असते. दहा मिनिटांत लक्षात येते की रेनकोटाचाही उपयोग नाही. पाऊस वरून येतो तसा खालूनही येतो. थेंब दरीतून उडी मारून हनुवटीखाली शिरतात, चष्म्याच्या आतल्या बाजूने ओघळतात. कॅमेरा पिशवीतच राहतो. वाऱ्याची झुळूक फिरली की क्षणभर धुके फाटते, पांढऱ्या पाण्याचा एक उभा तुकडा दिसतो, आणि पुन्हा सगळे मिटते. पूर्ण धबधबा मी पाहिलाच नाही. तो तुकड्यातुकड्यांनी मिळाला, आणि प्रत्येक तुकड्यासाठी थांबून राहावे लागले. वाटेवर बबून माकडे बसलेली असतात. त्यांना धबधब्यात काही रस नाही, तुमच्या हातातल्या बिस्किटांत आहे.

बाहेर विक्रेते लाकडी पाणघोडे विकतात आणि त्याबरोबर झिंबाब्वेच्या जुन्या नोटा. महागाईने कहर केला होता त्या २००९ सालची शंभर ट्रिलियन डॉलरची नोट. एकावर चौदा शून्ये. तिच्या पाठीवर रानरेडा आहे आणि हाच धबधबा आहे. सरकारची पत कोसळत असताना नोटेवर कोसळणारे पाणी छापायचे कुणाला सुचले असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला.

असो. ही फट आली कुठून, याकडे येऊ.

युरोपीय प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचे मत होते की पृथ्वीचे कवच कधीतरी एकदम तडकले आणि नदी त्या तड्यात पडली. पाहणाऱ्याला असेच वाटावे, अशी ती जागा आहे. पण १९०५ च्या सुमारास मॉलिन्यू आणि लॅम्प्लू या भूशास्त्रज्ञांनी खालच्या दऱ्या तपासल्या आणि दाखवले की भेगा आधीपासून होत्या हे खरे, पण दरी मात्र नदीने स्वतः कोरली आहे.

तिथला खडक आपल्या ओळखीचा आहे : बेसाल्ट, आपला काळा कातळ. सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तिथला अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीला पडलेल्या चिरांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, आणि गोंडवन नावाचा जुना महाखंड फुटण्याच्या लांबलेल्या कहाणीतली ही दोन वेगळी प्रकरणे घडली. झांबेझीकाठच्या कातळात पूर्व-पश्चिम अशा मोठ्या भेगा आहेत. त्यांत पुढे माती आणि चुनखडी भरली. कातळ टणक, भेगांतला भराव मऊ. शिवाय उत्तर-दक्षिण अशा बारीक भेगाही आहेत. नदी इथे दक्षिणेकडे वाहते. ती आधी एखादी बारीक उत्तर-दक्षिण भेग पकडते आणि कडा खात खात उगमाकडे मागे सरकते. मागची मोठी आडवी भेग लागली, की त्यातला भराव धुऊन काढायला वेळ लागत नाही. मग सगळी नदी त्या नव्या आडव्या फटीत पडू लागते आणि जुना धबधबा कोरडा पडून नुसती दरी उरते.

हे एकदाच घडलेले नाही. आजच्या धबधब्याखाली नदी एकामागून एक दऱ्यांतून जाते आणि नकाशावर त्या घाटातल्या रस्त्यासारख्या मागे-पुढे वळलेल्या दिसतात. प्रत्येक आडवी दरी म्हणजे एके काळचा धबधबा. आज आपण पाहतो तो आठवा, असे मानतात. गेल्या लाखभर वर्षांत हे मागे सरकणे चालले आहे, असा अंदाज आहे. धबधब्याचे फोटो काढणारे शंभरातले नव्व्याण्णव जण पाण्याकडे तोंड करतात. माझे म्हणणे, एकदा पाठ फिरवून दुसऱ्या दरीकडे पाहावे. तिथेही कधीकाळी अशीच सबंध नदी उभी कोसळत होती.

नववा धबधबाही सुरू झाला आहे. पश्चिम टोकाला, झिंबाब्वेच्या काठालगत डेव्हिल्स कॅटरॅक्ट नावाचा भाग आहे. तिथे कडा बाकीच्या ओठापेक्षा कित्येक मीटर खाली गेला आहे आणि पाणी मागच्या भेगेत शिरायला लागले आहे. नदी कमी असते तेव्हाही तिथे पाणी असतेच, ते यामुळे. उरलेल्या लांबीवर खडक उघडा पडतो, विशेषतः झांबियाच्या बाजूला.

फटीतून पाणी बाहेर कसे पडते, हेही विलक्षण आहे. पलीकडच्या भिंतीला एकच खिंड आहे, सुमारे ११० मीटर रुंद. पावणेदोन किलोमीटरभर पसरून कोसळलेली सगळी नदी त्या एका खिंडीतून निघते, पुढच्या डोहात गरगरते आणि काटकोनात वळून दुसऱ्या दरीत शिरते. त्या डोहाला इंग्रजांनी उकळते भांडे म्हटले. आमच्या सरांनी बहुधा या उपमेवरही रेघ ओढली असती, पण पाणी खरोखर तसेच दिसते.

आता पाण्याचे वेळापत्रक. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. पण धबधब्याला सर्वांत जास्त पाणी येते ते एप्रिलमध्ये, स्थानिक पाऊस सरल्यावर. कारण पाणी स्थानिक नाहीच. ते अंगोला आणि उत्तर झांबियातले. वाटेत बारोत्सेचे मैदान ते आठवडेच्या आठवडे अडवून धरते आणि सावकाश सोडते. त्या मैदानात लोझी लोक राहतात. पूर चढू लागला की त्यांचा राजा, लिटुंगा, लेआलुई इथला वाडा सोडून मोठ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या नावेतून उंचावरच्या लिमुलुंगाला जातो. कुओंबोका हा तो सोहळा. ढोल, वल्हेकरी, हजारो माणसे. नावांचा तो काफिला ज्या पाण्यावरून जातो तेच पाणी नंतर फटीत पडते. एप्रिलचा प्रवाह ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या साधारण दहापट असतो. म्हणजे एकाच नावाखाली दोन धबधबे आहेत : एकात पाणी आहे पण दिसत नाही, दुसऱ्यात दिसते पण पाणी थोडे.

लिव्हिंगस्टनचे नशीब असे, की तो नोव्हेंबर १८५५ मध्ये तिथे पोचला. नदी उतरलेली होती. मकोलोलो नावाड्यांनी त्याला छोट्या होडीतून थेट कड्याच्या ओठावरच्या बेटावर नेले. त्याआधी काही मैलांवरून त्याला वाफेचे पाच स्तंभ दिसले होते. बेटावरून तो सरपटत काठापर्यंत गेला आणि खाली डोकावला. एप्रिलमध्ये आला असता तर बेटावर पोचलाच नसता आणि धुक्याखेरीज काही लिहू शकला नसता. रुंदी आणि खोली त्याने अंदाजाने लिहिली, आणि दोन्ही फार कमी धरली.

१८६० मध्ये तो पुन्हा आला तो मोजायलाच. दोरीच्या टोकाला बंदुकीच्या गोळ्या आणि ओळखू यावे म्हणून पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधून ती बेटावरून खाली सोडली. ३१० फूट दोरी गेल्यावर गोळ्या एका उताराच्या खडकावर टेकल्या. रुंदी सेक्स्टंटने मोजली, ती भरली १,८६० यार्डांहून किंचित जास्त. पण पाहणीचे साल दाखवणारा म्हणून १,८६० हाच आकडा कायम ठेवला, असे तो नोंदवतो. १,८६० यार्ड म्हणजे १,७०१ मीटर. आजच्या मापापेक्षा फक्त सात मीटर कमी. सेक्स्टंट घेऊन हलत्या धुक्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला यासाठी दाद दिली पाहिजे.

नावासाठी मात्र नाही. राणीचे नाव देण्याआधी त्या जागेला नाव होतेच : मोसी-ओआ-तुन्या, गर्जणारा धूर. तोंगा भाषेत आणखी एक, शुंगू ना मुतितिमा. लिव्हिंगस्टननेच लिहून ठेवले आहे की बटोका लोकांचे तीन सरदार धबधब्याजवळच्या तीन ठिकाणी, त्याचा आवाज ऐकू येईल अशा जागी, पूर्वजांच्या आत्म्यांची प्रार्थना करत. म्हणजे या जागेची ओढ युरोपीय प्रवाशाने शोधलेली नव्हे. त्याने ती इंग्रजी वाचकांना कळवली, इतकेच. १९८९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली, तेव्हा दोन्ही नावे लिहिली. झांबियात तर लोकप्रिय बिअरचे नावही मोसी आहे. राणीला हा मान मिळाला नाही.

नाशिककरांसाठी इथे थोडे थांबतो, कारण हा धागा तुमच्या गावात येतो. १८६४ मध्ये झांबेझीची मोहीम गुंडाळल्यावर लिव्हिंगस्टनने ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट विकायची ठरवली आणि झांझिबारहून ती स्वतः चालवत मुंबईला आणली. तळ्यासाठी बांधलेली बोट, आणि पावसाळा तोंडावर. जवळजवळ दीड महिन्यांनी, जूनमध्ये, ते मुंबईत पोचले. बोटीवर झांबेझीकाठचे खलाशी होते, त्यांतला सुसी नंतर मुंबईच्या गोदीत राबला. चुमा नावाचा मुलगा मुंबईत मिशनच्या शाळेत राहिला. बोट पुढे विकली गेली आणि ते पैसे ज्या बँकेत ठेवले ती बँक बुडाली. मुंबईतल्या कापसाच्या तेजीनंतरचे ते दिवस.

शेवटच्या मोहिमेसाठी त्याने काही माणसे घेतली ती शरणपूरहून. आज ज्याला आपण शरणपूर रोड म्हणतो आणि जिथे पार्किंगला जागा मिळत नाही, तिथल्या मिशनमध्ये गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले राहत, सुतारकाम-लोहारकाम शिकत. इंग्रजी कागदपत्रांत ती ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. त्यांतली नऊ मुले त्याच्याबरोबर गेली. जेकब वेनराइट हा याच शाळेचा, तो नंतर १८७२ मध्ये मदतीच्या तुकडीबरोबर पोचला. १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियात, चितांबो गावी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने. सुसी, चुमा आणि त्यांच्या साथीदारांनी उन्हात वाळवलेला देह महिनोन्महिने चालत समुद्रकाठी आणला. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. शरणपूरची ही मुले आपल्या शालेय इतिहासात कुठे आढळत नाहीत, याची मला खंत आहे.

पुन्हा धबधब्याकडे. रेल्वे १९०४ मध्ये आली आणि १९०५ मध्ये दुसऱ्या दरीवर पोलादी कमानीचा पूल झाला. कमान सुमारे १५६ मीटर, पाण्यापासून उंची १२८ मीटर. ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स याची हौस अशी, की गाडीच्या डब्यांवर तुषार पडले पाहिजेत. पूल आणखी खाली, सोयीच्या जागी बांधता आला असता. ऱ्होड्स १९०२ मध्ये वारला, धबधबा त्याने स्वतः कधी पाहिला नाही. पुलाचे उद्घाटन केले चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने.

हाच पूल पुढे सीमा झाला. २६ ऑगस्ट १९७५ रोजी त्याच्या मध्यावर रेल्वेचा डबा उभा करून ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेचा, प्रश्न सोडवायला बैठक भरली. झांबियाचे केनेथ काउंडा आणि दक्षिण आफ्रिकेचे व्होर्स्टर यांचा पुढाकार. ऱ्होडेशियाचा पंतप्रधान इयन स्मिथ आणि त्याचे सहकारी डब्याच्या ऱ्होडेशियाकडच्या अर्ध्यात, आफ्रिकन राष्ट्रवादी नेते झांबियाकडच्या अर्ध्यात. टेबल एकच. बैठक त्याच दिवशी मोडली. झिंबाब्वे व्हायला एप्रिल १९८० उजाडला.

आज त्या पुलावरून तरुण मुले पायाला दोर बांधून उड्या मारतात. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही, माझे वय झाले आहे.

पाण्यावर मात्र दुसऱ्यांचाही डोळा आहे. झांबियाच्या काठावर धबधब्याच्या जरा वरून पाणी वळवून ते तिसऱ्या दरीतल्या वीजकेंद्रात सोडतात. केंद्राची क्षमता १०८ मेगावॉट. पाणी मुबलक असते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ऑक्टोबरमध्ये झांबियाच्या बाजूचा कडा कोरडा दिसतो, त्यात या कालव्याचाही वाटा आहे. २०१९ च्या दुष्काळात धबधबा आटल्याची छायाचित्रे जगभर फिरली. ती बहुतेक त्याच बाजूची होती, आणि पश्चिमेला पाणी पडतच होते. दुष्काळ मात्र खरा होता. करिबाचा साठा घसरला आणि दोन्ही देशांत तासन्‌तास वीज जात होती. त्यामुळे धबधब्याखाली सुमारे पन्नास किलोमीटरवर बटोका दरीत २,४०० मेगावॉटचे धरण बांधायची जुनी योजना पुन्हा पुन्हा वर येते. ते झाले तर दरीतले तराफ्याचे खळाळ बुडतील आणि तिथल्या कड्यांवर घरटी करणाऱ्या दुर्मिळ टाइटा ससाण्यांचे काय, हा वाद आहे. ज्यांच्या घरात दिवा नाही त्यांना ससाण्याचे कौतुक सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि ती दरी बुडावी असेही वाटत नाही.

जायचे कधी, हे व्याख्यानानंतर तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. प्रवासी कंपन्या जून-जुलै सुचवतात : पाणी बऱ्यापैकी आणि धुके विरळ. सल्ला व्यवहारी आहे. पौर्णिमा साधली तर रात्री चंद्रप्रकाशातले इंद्रधनुष्यही दिसेल, त्यासाठी उद्यान रात्री उघडे ठेवतात. पण माझे ऐकणार असाल आणि खिशाला परवडत असेल, तर एकदा एप्रिलमध्ये भिजायला जा आणि एकदा ऑक्टोबरअखेर, झांबियाच्या बाजूने. तेव्हा उकाडा असह्य असतो, धबधबा अर्धा कोरडा असतो आणि सहल वाया गेली म्हणून बसमधले लोक कुरकुरत असतात. तुम्ही वाटाड्याला घेऊन उघड्या कड्यावर जा. पायाखालच्या बेसाल्टमध्ये भेगा स्पष्ट दिसतात, त्यांत बोट घालता येते. कुठली कोणत्या दिशेने जाते ते होकायंत्र ठेवून पाहा, आणि पश्चिमेला डेव्हिल्स कॅटरॅक्टचे पाणी त्यांतल्या कुठल्या दिशेने घुसते आहे, याचा तिथेच उभे राहून हिशेब मांडा.